आफ्टरमार्केट ईसीयूसाठी इंजिनचा वायरिंग हार्नेस: कागदापासून पहिल्या स्टार्टपर्यंत

नवा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बसवलेली गाडी डायनोवर (रोलरवर गाडी पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) चढते आणि ट्यूनरचा निम्मा दिवस वायरिंगमधला दोष शोधण्यात जातो. ४,००० आरपीएमवर मिसफायर, इंजिन तापलं की बंद पडणं, पहिल्या पावसात स्टार्टच न होणं अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा कच्च्या क्रिम्पमध्ये (वायरीवर पिन दाबून केलेल्या जोडात) किंवा चुकीच्या अर्थिंगमध्ये सापडतं. ईसीयूवर लाखभर खर्च करून त्याला घरगुती वायर आणि काळी टेप लावण्यापेक्षा थोडा स्वस्त ईसीयू घ्यावा आणि उरलेले पैसे वायर, पिना आणि चांगल्या क्रिम्पिंग पक्कडीवर घालावेत.

इथे जे दिलंय ते एका ठरावीक मांडणीपुरतं आहे: चार सिलिंडरचं मल्टीपॉइंट (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेलं) पेट्रोल इंजिन, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल, हाय इम्पिडन्स (जास्त रेझिस्टन्सचे) इंजेक्टर, केबलवर चालणारा थ्रॉटल आणि १-३-४-२ हा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम). रॅलीची जिप्सी, ट्रॅकवरची जुनी होंडा सिटी किंवा फॉर्म्युला भारतसाठी कॉलेजच्या टीमने घेतलेलं ड्यूकचं ३७३ सीसीचं एक सिलिंडर इंजिन, तत्त्वं सगळीकडे हीच राहतात, वायरींची संख्या बदलते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल मुद्दाम बाहेर ठेवलाय. त्यात पेडलचे दोन सेन्सर, थ्रॉटलचे दोन सेन्सर आणि मोटर असते, आणि तिथली चूक म्हणजे आपोआप उघडणारा थ्रॉटल. पहिल्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) त्याच्या वाटेला जाऊ नका.

आधी कागद

पहिली वायर कापण्याआधी एक तक्ता पूर्ण व्हायला हवा. एका वायरीला एक ओळ. रकाने असे: ईसीयूची पिन, काम, वायरीचा रंग, जाडी, दुसऱ्या टोकाचा कपलर (जोडणीचा प्लग) आणि त्यातली पिन, लांबी, मध्ये जोड असेल तर त्याचा क्रमांक. चार सिलिंडरच्या इंजिनला साधारण ३५ ते ४५ ओळी होतात. ईसीयूचा पिनआउट (कुठल्या पिनेला काय काम ते) काढताना एक गोष्ट दोनदा बघा: चित्र कपलरच्या वायरीच्या बाजूने काढलंय की पिना दिसतात त्या बाजूने. याच एका गोंधळात अख्खा कपलर आरशातल्यासारखा उलटा भरला जातो. बहुतेक कपलरच्या प्लास्टिकवर बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेले असतात. भिंग घ्या, पण चित्रापेक्षा त्या क्रमांकांवर विश्वास ठेवा.

रंगांचा नियम स्वतःचा असला तरी चालतो, फक्त तो मोडू नका. लाल म्हणजे रिलेनंतरचा (वीज दिली की जोडणाऱ्या स्विचनंतरचा) १२ व्होल्ट, काळा म्हणजे पॉवर ग्राउंड, काळ्यावर पांढरी रेघ म्हणजे सेन्सर ग्राउंड, नारिंगी म्हणजे ५ व्होल्ट. ही चार कामं एका रंगात कधीच येता कामा नयेत. बाकी सगळ्या वायरी एकाच रंगाच्या असल्या तरी दोन्ही टोकांना क्रमांकाची स्लीव्ह असली की काम भागतं.

सामान

घरगुती पीव्हीसी वायर बाद. तिचं इन्सुलेशन साधारण ७० अंशांपर्यंतचं असतं, आणि हेडजवळ तेवढं तापमान ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीतही होतं. शिवाय ऑटोमोटिव्ह कपलरच्या पिना आणि रबरी सील पातळ इन्सुलेशनसाठी बनवलेले असतात, त्यात घरगुती वायर बसतच नाही. तीन पर्याय आहेत. १०५ अंशांची एफएलआरवाय-बी सहज मिळते, पण ती एक्झॉस्टपासून लांब ठेवावी लागते. क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनची टीएक्सएल किंवा जीएक्सएल १२५ अंशांची असते आणि बहुतेक कामांना ती उत्तम. तिसरी टेफझेल, म्हणजे एम २२७५९/१६ किंवा /३२ जातीची, १५० अंशांची. तिचं इन्सुलेशन पातळ असल्यामुळे जुडगा बारीक होतो, मात्र ती महाग पडते आणि तिचं टोक सोलायला चांगला स्ट्रिपर लागतो.

ईसीयूपासून इंजिनाच्या पुढच्या टोकापर्यंत दोन मीटर धरले तर एवढी वायर पुरते:

– ०.५ चौ. मिमी: १०० मीटर, चार-पाच रंगांत. सेन्सर, इंजेक्टर, कॉइलचे सिग्नल, रिलेचं कंट्रोल.
– १.५ चौ. मिमी: १५ मीटर. ईसीयूचे पॉवर ग्राउंड, कॉइलचा सप्लाय आणि ग्राउंड, इंजेक्टरचा सामाईक सप्लाय.
– २.५ चौ. मिमी: १० मीटर. पेट्रोल पंप, बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंतच्या शाखा. फॅनला ४ चौ. मिमी.
– दोन आणि तीन कोअरची शील्डेड (धातूच्या जाळीत गुंडाळलेली) केबल: प्रत्येकी ३ मीटर. क्रँक आणि कॅम शाफ्टची जागा सांगणाऱ्या आणि नॉक (इंजिनची ठोक ऐकणाऱ्या) सेन्सरसाठी.

जाडी फक्त अँपियर बघून ठरत नाही. १.५ चौ. मिमी तांब्याचा रेझिस्टन्स मीटरला साधारण १३ मिलिओहम असतो. मागच्या टाकीतला पंप १० अँपियर घेत असेल आणि वायर चार मीटर असेल, तर जातानाच अर्धा व्होल्ट पडतो आणि तेवढाच परतीच्या वाटेवर. तीच वायर २.५ केली की घट ०.३ व्होल्टवर येते. फुल थ्रॉटलला प्रेशर घसरण्याचं कारण अनेकदा पंप नसून ही वायर असते.

पिना आणि सील मोजून २० टक्के जास्त घ्या, काही वाया जाणारच. इंजेक्टर, कॉइल आणि सेन्सरचे कपलर शक्यतो नवे घ्या. भंगारातून कापून आणलेल्या कपलरचं लॉक उष्णतेने कडक झालेलं असतं आणि पहिल्याच जोडणीत तुटतं. मध्ये जोड द्यायचा असेल तर डॉइचची डीटीएम मालिका पिनेला ७.५ अँपियरपर्यंत, डीटी मालिका १३ अँपियरपर्यंत चालते. स्वस्तात टिकाऊ हवं असेल तर १.५ ची सुपरसील. हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी), डायोड, मल्टीमीटर हा माल मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो. ईसीयूच्या मुख्य कपलरच्या पिना मात्र ईसीयूवाल्याकडूनच मागवा. दिसायला सारख्या पिनांमध्ये ०.१ मिमीचा फरक असतो आणि तेवढ्यावर त्या ढिल्या बसतात.

सप्लाय आणि फ्यूज

बॅटरी, मग मुख्य फ्यूज, मग मेन रिले, आणि रिलेच्या पुढे प्रत्येक शाखेला स्वतःचा फ्यूज. ईसीयूला ५ ते १० अँपियर, चार इंजेक्टरना मिळून १०, कॉइलना १५ ते २०, वाइडबँड लॅम्डाच्या (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) हीटरला १०. पंपाचा रिले वेगळा, त्याचा १५ किंवा २०चा फ्यूज थेट बॅटरीच्या बाजूने. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, म्हणून ०.५च्या वायरीवर २०चा फ्यूज लावून "आता जळत नाही" म्हणणं म्हणजे वायरीलाच फ्यूज करणं.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. पहिली किल्लीची. काही लाइन ऑनला १२ व्होल्ट देतात आणि स्टार्टर फिरताना मेल्यासारख्या होतात. ईसीयू अशा लाइनवर असेल तर क्रँकिंग चालू असेपर्यंत गाडी स्टार्ट होत नाही आणि किल्ली सोडताना एखादवेळी पकडते. ऑन आणि स्टार्ट दोन्हीकडे जिवंत राहणारी लाइनच घ्या, मल्टीमीटर लावून, दुसऱ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगून.

दुसरी चूक उलट्या सप्लायची. किल्ली बंद केली तरी ईसीयू, कधीकधी अख्खं इंजिनच चालू राहतं. होतं असं की फॅनच्या रिलेच्या कॉइलला कायमचा १२ व्होल्ट दिलेला असतो आणि तिचं दुसरं टोक ईसीयूच्या आउटपुटला जातं. मेन रिले सुटला की तोच १२ व्होल्ट फॅन रिलेच्या कॉइलमधून ईसीयूच्या आउटपुटमध्ये शिरतो, तिथल्या संरक्षक डायोडमधून आतल्या सप्लायला पोहोचतो आणि ईसीयूला जागं ठेवतो. म्हणून ईसीयू जे जे रिले चालवतो, त्या सगळ्यांच्या कॉइलला १२ व्होल्ट मेन रिलेनंतरचाच द्या. मेन रिले ईसीयू स्वतः धरून ठेवत असेल, तर त्याची किल्लीची वायर रिलेच्या आउटपुटवरून घेऊ नका. तो स्वतःला कधीच सोडणार नाही.

रिलेच्या कॉइलवर डायोड हवा, डायोडची रेघ पॉझिटिव्हकडे. आतच डायोड असलेले रिले मिळतात, पण मग ८५ आणि ८६ (कॉइलच्या दोन पिना) उलटे लावून चालत नाहीत. रिलेच्या अंगावरचं चित्र बघूनच जोडा.

अर्थिंग

संपूर्ण हार्नेसमध्ये सर्वात जास्त विचार इथे करायचा. ग्राउंड दोन प्रकारचे असतात आणि ते फक्त ईसीयूच्या आत एकत्र येतात.

पॉवर ग्राउंडमधून कॉइल आणि इंजेक्टरचा करंट परत जातो. ईसीयूच्या जेवढ्या पॉवर ग्राउंड पिना आहेत तेवढ्या वेगवेगळ्या वायरी, १.५ चौ. मिमी, सिलिंडर हेडवर किंवा ब्लॉकवर एकाच बोल्टला. रंग आणि गंज घासून धातू उघडा करा, लग (बोल्टखाली बसणारी कडी) क्रिम्प करा, एम ८चा बोल्ट वॉशरसह घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. कॉइलचे ग्राउंड हेडवर त्यांच्या जवळच, वेगळ्या लगने. बॉडीच्या पत्र्यावर नको. बॅटरीच्या निगेटिव्हपासून ब्लॉकपर्यंत जाड केबल आणि ब्लॉकपासून बॉडीला पट्टी, हे दोन्ही नवे करा, जुने कितीही चांगले दिसत असले तरी.

सेन्सर ग्राउंडचं एकच काम: थ्रॉटल, मॅप (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब), पाणी आणि हवेच्या तापमानाच्या सेन्सरांना शांत, न हलणारा शून्य व्होल्ट देणं. तो सेन्सरकडून ईसीयूच्या सेन्सर ग्राउंड पिनेकडे जातो आणि वाटेत इंजिनाला, बॉडीला कुठेही टेकत नाही. टेकला तर काय होतं ते आकड्यांत बघा. ३ बारचा मॅप सेन्सर साधारण ६२ किलोपास्कलला एक व्होल्ट देतो. कॉइलच्या करंटमुळे त्याचा ग्राउंड ०.१ व्होल्टने सरकला की वाचन ६ किलोपास्कलने चुकतं. आयडलला मॅनिफोल्डमध्ये ३५ किलोपास्कल असतात, म्हणजे चूक १७ टक्क्यांची. इंधनही जवळपास तेवढंच चुकतं, आणि करंट बदलेल तशी चूकही बदलते. अशा गाडीचा फ्युएल मॅप (इंधनाचा तक्ता) कितीही दिवस बसून केला तरी स्थिर होत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे सेन्सर ग्राउंड ब्लॉकलाही जोडलेला आणि ब्लॉकची मुख्य अर्थ केबल ढिली. स्टार्टर शंभरावर अँपियर ओढतो, त्याला परतीची वाट हवी असते, आणि ती त्याला ०.५च्या बारीक वायरीतून ईसीयूच्या बोर्डातून सापडते. बोर्डावरचा ट्रॅक जळतो. एक वायरच्या, बॉडीतून अर्थ घेणाऱ्या टेंपरेचर सेंडरला ईसीयू जोडू नका. दोन वायरचा सेन्सर लावा.

क्रँक आणि कॅम

क्रँक सेन्सरला दोन वायरी असतील तर तो बहुधा व्हीआर, म्हणजे चुंबक आणि वेटोळं. रेझिस्टन्स काहीशे ओहम ते एक-दीड किलोओहम. तीन वायरी असतील तर बहुधा हॉल (चुंबकाने चालू-बंद होणारा), आणि त्याला सप्लाय लागतो. ५ की १२ व्होल्ट ते सेन्सरच्या माहितीतून बघा, अंदाजाने देऊ नका. बऱ्याच हॉल सेन्सरचा आउटपुट फक्त खाली ओढतो, वर ओढायला ईसीयूमधला पुल-अप चालू करावा लागतो. नाहीतर सेन्सर चांगला असूनही आरपीएम शून्यच दिसतो.

व्हीआरला पोलॅरिटी असते. उलटा जोडला तरी इंजिन फिरतं, आरपीएम दिसतो, कधीकधी स्टार्टही होतं, म्हणूनच ही चूक महाग पडते. क्रँकच्या दातेरी चाकावरच्या दाताचा मधला क्षण पकडायचा तो ईसीयू दाताची सरकती कड पकडतो, टायमिंग आरपीएमबरोबर भरकटतं आणि गाळलेल्या दातापाशी सिंक (क्रँकच्या जागेशी ईसीयूचा मेळ) तुटतो. घाई करून अंदाजाने जोडण्यापेक्षा ऑसिलोस्कोप आणा, किंवा ईसीयूचाच ट्रिगर स्कोप वापरा. बहुतेक ईसीयूंना शून्यरेषा सरळ, खडी उतरत ओलांडणारा सिग्नल हवा असतो. गाळलेल्या दाताजवळ तो आडवा-तिरका दिसला तर दोन वायरी बदला. ३६-१ किंवा ६०-२ (३६ पैकी एक किंवा ६० पैकी दोन दात गाळलेलं) चाक कुठलंही असो, पद्धत हीच.

शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला जोडा. सेन्सरच्या टोकाला ती कापून वरून श्रिंक चढवा, उघडी जाळी इंजिनाला टेकू देऊ नका. ही केबल कॉइलच्या वायरी आणि अल्टरनेटरपासून लांब न्या. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा, शेजारून समांतर नेऊ नका. नॉक सेन्सरलाही हाच नियम, आणि तो सुमारे २० न्यूटन मीटरनेच आवळा, खाली वॉशर न घालता. जास्त-कमी आवळला की त्याचं ऐकणंच बदलतं.

कॉइल, इंजेक्टर आणि क्रम

दोन पिनांची कॉइल म्हणजे आत इग्नायटर (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) नाही. तिचा प्राथमिक रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या आसपास. ईसीयूचा आउटपुट ५ व्होल्टचा सिग्नल असेल तर मध्ये इग्नायटर लागतोच, थेट जोडलं की ईसीयूचा ड्रायव्हर जातो. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये इग्नायटर आत असतो. टोयोटा पद्धतीच्या चार पिनांत एक पिन ईसीयूला परतीचा सिग्नल देते. आफ्टरमार्केट ईसीयूला ती लागत नाही, मोकळी सोडून सील करा.

इग्निशन आउटपुटची दिशा (सिग्नल वर जाताना ठिणगी की खाली येताना) सॉफ्टवेअरमध्ये ठरवून जतन केल्याशिवाय कॉइलचा फ्यूज लावू नका. दिशा उलटी असेल तर किल्ली ऑन होताच कॉइल सतत चार्ज होत राहते, मिनिटभरात हाताला चटका बसेल इतकी तापते आणि मग फुगून तडकते. चारही एकदम.

इंजेक्टरना १२ व्होल्ट सामाईक, आणि ईसीयू ग्राउंड बाजूने उघडतो. पिनांवर मल्टीमीटर लावा: १२ ते १६ ओहम आले तर थेट जोडा. २-३ ओहम आले तर ते लो इम्पिडन्सचे, त्यांना पीक अँड होल्ड (आधी जास्त, मग कमी करंट देणारा) ड्रायव्हर किंवा प्रत्येकी रेझिस्टर हवा.

आता क्रम. लिंक या ब्रँडसारख्या ईसीयूत आउटपुट १ सिलिंडर १ला, आउटपुट २ सिलिंडर २ला, असं क्रमांकाने जोडतात आणि फायरिंग ऑर्डर सॉफ्टवेअरमध्ये लिहितात. स्पीडुइनो या ईसीयूत आउटपुट फायरिंग ऑर्डरने जोडायचे असतात: १-३-४-२च्या इंजिनात दुसरा आउटपुट तिसऱ्या सिलिंडरला, तिसरा चौथ्याला, चौथा दुसऱ्याला. आपल्या ईसीयूची पद्धत मॅन्युअलमध्ये वाचा आणि तक्त्यात आउटपुटसमोर सिलिंडरचा क्रमांक लिहूनच वायर ओढा. कपलरवर क्रमांकाची चिठ्ठी हवीच, कारण चारही कपलर सारखे असतात आणि कुठलाही कुठेही बसतो.

बाकीचे सेन्सर

पाणी आणि हवेच्या सेन्सरला दोन-दोन वायरी, पोलॅरिटी नाही. थ्रॉटल आणि मॅपला तीन: ५ व्होल्ट, सिग्नल, सेन्सर ग्राउंड. थ्रॉटल सेन्सरच्या सिग्नल आणि ५ व्होल्टची अदलाबदल झाली तर बंद थ्रॉटलला ५ व्होल्टची लाइन ग्राउंडशी शॉर्ट होते आणि सगळेच सेन्सर एकदम वेडंवाकडं वाचू लागतात. असं दिसलं की सेन्सर बदलत बसू नका, एकेक कपलर काढत जा. जो काढल्यावर बाकीचे शुद्धीवर येतात, तिथेच चूक आहे.

बॉश एलएसयू ४.९ वाइडबँडचा कपलर कधीही कापू नका, त्याच्या आत त्या सेन्सरपुरता जुळवलेला रेझिस्टर असतो. आणि सेन्सर एक्झॉस्टमध्ये बसवून हीटरचा सप्लाय न देता इंजिन चालवू नका, काजळी धरून तो मरतो. कॅन बस (उपकरणांना एकमेकांशी बोलायची दोन वायरींची लाइन) असेल तर दोन वायरी पिळून न्या, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. सप्लाय बंद ठेवून दोन वायरींमध्ये मोजलं की ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक राहिलंय.

सुतळी आणि फळी

इंजिन गाडीत, सगळे ब्रॅकेट आणि पाइप जागेवर असताना सुतळीने मार्ग आखा. मुख्य खोड एक, त्याला फांद्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून किमान १० सेंमी अंतर, नाहीतर तेवढ्या भागावर फायबर ग्लासची उष्णतारोधक स्लीव्ह. इंजिन माउंटवर हलतं, म्हणून इंजिन आणि बॉडीच्या मध्ये ५ ते ७ सेंमी ढील. फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट हवाच. पत्र्याची कड इन्सुलेशन महिन्याभरात कापते.

सुतळीवर गाठी मारून फांद्यांच्या जागा खुणा करा, ती प्लायच्या फळीवर पसरा आणि खिळे ठोकून आराखडा उतरवा. प्रत्येक वायर १० सेंमी जास्त कापा. लांब वायर कापता येते.

क्रिम्प

उघड्या पंखांच्या पिनेला दोन जोड्या पंख असतात. पुढची जोडी तांब्याला धरते, मागची इन्सुलेशनला किंवा सीलला. सोलण्याची लांबी पुढच्या पंखांएवढी, साधारण ४ ते ५ मिमी. ०.५ चौ. मिमीच्या वायरीत १६ ते १९ तारा असतात. स्ट्रिपरने तीन कापल्या गेल्या तर सहावा हिस्सा गेला. ते टोक कापून पुन्हा सोला.

सील लागणार असेल तर सोलण्याआधी वायरीत ओवा. वायर पिनेत ठेवा, रॅचेट पक्कडीच्या योग्य खाचेत धरा, ती आपोआप सुटेपर्यंत दाबा. मग उजेडात धरून बघा. दोन्ही पंख वरून आत वळून तारांच्या मधोमध शिरलेले दिसले पाहिजेत, समोरून इंग्रजी बीसारखा आकार. पुढे तारांची टोकं अर्धा-एक मिमी बाहेर. दोन जोड्यांच्या मधल्या फटीत थोडं तांबं आणि थोडं इन्सुलेशन, दोन्ही दिसायला हवं. फक्त तांबं दिसलं तर मागच्या पंखांत इन्सुलेशन नाही आणि ती वायर कंपनाने तुटणार. फक्त इन्सुलेशन दिसलं तर पुढचे पंख प्लास्टिकवर दाबले गेलेत: मल्टीमीटर लावला की बीप ऐकू येईल, गाडी चालेल, आणि तापल्यावर कधीतरी बंद पडेल. पुढच्या पंखांच्या मागच्या कडेला तुतारीसारखी किंचित उघडलेली कड राहू द्या, ती धारदार दाबली तर ताराच कापते.

नव्या पक्कडीने पहिले पाच-सहा क्रिम्प वाया घालवा आणि ओढून बघा. ०.५च्या वायरीचा क्रिम्प ६ किलोच्या ओढीलाही निसटता कामा नये, लगेजच्या काट्याने मोजता येतं. क्रिम्पवर सोल्डर ओतू नका. सोल्डर तारांमधून वर चढतो, वायर तेवढ्या भागात काडीसारखी कडक होते आणि जिथे कडकपणा संपतो तिथे कंपनाने मोडते. इंजिनावरच्या हार्नेसमध्ये सोल्डर जोड शक्यतो नकोच.

एका वायरीतून चार फुटायच्या असतील, जसा इंजेक्टरचा सप्लाय, तर धातूची क्रिम्प नळी आणि वर आतून गोंद असलेली श्रिंक. असे जोड सरळ भागात घ्या, वळणावर नाही, आणि एकाच जागी तीन-चार साठवू नका, ३-४ सेंमी मागेपुढे ठेवा, नाहीतर खोडात गाठ तयार होते.

गुंडाळणं

रेसिंगच्या हार्नेसमध्ये मध्ये एक वायर, तिच्याभोवती सहा, मग बारा, मग अठरा, आणि प्रत्येक थर आधीच्या उलट दिशेने पिळलेला, अशी रचना करतात. जुडगा गोल आणि लवचीक होतो, वळणावर कुठल्याच वायरीवर ताण येत नाही. त्यावर डीआर-२५ श्रिंक, जी १७५ अंशांना पूर्ण आकसते. काम सुंदर होतं, पण नंतर एक वायर वाढवायची तर सगळं फाडावं लागतं. पहिल्या गाडीला वायरी हलक्या पिळून, कापडी हार्नेस टेप आणि वरून विणलेली स्लीव्ह पुरेशी आहे. साधी काळी इन्सुलेशन टेप नको. उन्हाळ्यात गोंद सुटून सगळं चिकट होतं.

प्रत्येक कपलरच्या मागे दीड-दोन सेंमी ढील ठेवा, म्हणजे पिन बदलायची वेळ आली तर वायर पुरते. कपलरचं तोंड शक्यतो खाली किंवा आडवं, आणि वायर त्याच्याही खाली झुकून मग वर चढलेली, म्हणजे कोकणातल्या पावसात पाणी वायरीवरून कपलरमध्ये न शिरता खाली टपकतं. रिकाम्या पिनांच्या भोकांत प्लग बसवाच. अंतिम गुंडाळणी मात्र तपासणी झाल्यावर, आत्ता जागोजागी फक्त टाय लावा.

ईसीयू न जोडता तपासणी

तक्ता हातात घेऊन प्रत्येक ओळ मल्टीमीटरच्या बीपवर तपासा, आणि प्रत्येक पिन शेजारच्या पिनांशी शॉर्ट नाही हेही बघा. पण बीप पुरेसा नाही. एकाच तारेवर लटकलेला जोडही बीप देतो. सप्लाय, पॉवर ग्राउंड, कॉइल आणि पंपाच्या वायरींवर बल्ब लावा: २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब पावणेदोन अँपियर ओढतो, ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब साडेचार. बल्ब पूर्ण उजेड देतो का बघा आणि त्याच वेळी वायरीच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजा. ०.५च्या साध्या सिग्नल वायरींना हेडलाइटचा बल्ब लावायची गरज नाही.

मग रिले आणि फ्यूज लावा, किल्ली ऑन करा आणि ईसीयूच्या रिकाम्या कपलरवर मोजा. सप्लायच्या पिनांवर बॅटरीएवढा व्होल्टेज, ग्राउंडच्या पिनांवर शून्य, आणि बाकी कुठल्याही सेन्सर पिनेवर १२ व्होल्ट नाही. हे शेवटचं चुकलं आणि तसाच ईसीयू जोडला तर त्याचा इनपुट तिथेच जातो.

पहिला सप्लाय आणि पहिलं क्रँकिंग

कॉइल, इंजेक्टर आणि पंपाचे फ्यूज काढून ईसीयू जोडा. लॅपटॉपवर वाचनं बघा. थंड इंजिनात पाणी आणि हवेचं तापमान जवळजवळ सारखं यायला हवं. मॅप सेन्सरने त्या गावचा हवेचा दाब दाखवला पाहिजे: मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्या-कोल्हापुरात ९५, महाबळेश्वरला ८६च्या आसपास. पुण्यात १०१ दिसले तर सेन्सरचं कॅलिब्रेशन किंवा ग्राउंड चुकलाय. थ्रॉटल हळूहळू दाबा, आकडा उडी न मारता चढला पाहिजे.

इग्निशनची दिशा आणि ड्वेल (कॉइल चार्ज व्हायचा वेळ) भरा, कॉइलचा फ्यूज लावा, आणि दोन मिनिटांनी कॉइलला हात लावा. गार असतील तर पुढे जा. आउटपुट टेस्टने एकेक इंजेक्टर टिकटिकतोय का आणि तो त्याच क्रमांकाचा आहे का, कान लावून बघा. पंप या वेळी बंदच हवा, नाहीतर सिलिंडरमध्ये पेट्रोल भरतं. कॉइलचा क्रम तपासायला जुना प्लग कॉइलमध्ये घालून हेडला टेकवा. त्याआधी इंधनाचा वास कुठे नाही याची खात्री करा.

मग प्लग काढून, इंजेक्टरचा फ्यूज बाहेर ठेवून क्रँक करा. आरपीएम २००-३०० च्या दरम्यान स्थिर, सिंक लागलेला, ट्रिगर एररचा (चुकलेल्या दातांचा) आकडा शून्य. एरर वाढत असेल तर स्टार्ट करायची घाई नको, पुन्हा शील्ड आणि पोलॅरिटीकडे जा. सगळं ठीक असेल तर सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर कुलूपबंद करा, टायमिंग लाइट लावा आणि पुलीवरची खूण १० वर येईपर्यंत ट्रिगर ऑफसेट (चाकाच्या दातापासून पहिल्या सिलिंडरच्या वरच्या टोकापर्यंतचे अंश) बदला. स्टार्ट झाल्यावर ३,००० आरपीएमवर पुन्हा बघा. खूण तिथेच राहिली पाहिजे. सरकत असेल तर व्हीआर उलटा आहे किंवा ट्रिगरची कड चुकीची निवडली आहे.

इंजिन पूर्ण तापलं, फॅन लागला, हेडलाइट लावले, की मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवा: एक प्रोब ईसीयूच्या ग्राउंड पिनेच्या मागे, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हवर. १०० मिलिव्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग पक्कं. जास्त असेल तर प्रोब टप्प्याटप्प्याने सरकवत न्या: पिन ते लग, लग ते ब्लॉक, ब्लॉक ते बॅटरी. जिथे आकडा उडी मारतो तो जोड उघडून साफ करा. दोन-तीन वेळा इंजिन तापून गार झालं की लगचे बोल्ट पुन्हा आवळा, वायरी कुठे घासतायत का बघा, आणि मग टाय काढून खोड कायमचं गुंडाळा. तक्त्याची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्यूज बॉक्सच्या झाकणात ठेवा.